जत्रेचा गोडवा आणि घरची भट्टी



पौष महिना सरत आला की आमच्या इंद्रवेल्लीच्या रस्त्यांना निराळीच जाग येते. पौष अमावास्येला जवळच केस्लापूर येथे नागोबाची जत्रा भरते. गोंड समाजातील मेश्राम कुळाचा हा कुलसोहळा होय. त्या कुळाची मंडळी गोदावरीचे पाणी आणण्यासाठी अनवाणी पायी जातात, सिरीकोंड्याच्या कुंभारांनी घडविलेली मडकी घेऊन पूजेस येतात, आणि मग काही दिवस बैलगाड्या, मोटारी, पाळणे, खेळणी व मिठाईची दुकाने यांनी माळ फुलून जातो. आपली मुलेही शेजाऱ्यांच्या मुलांबरोबर हट्ट धरून जातात, आणि परत येतात ती तोंड गोड करून व हात तेलकट करून.

जत्रेच्या खाऊत असे काय असते, की घरी केलेला लाडू डब्यात पडून राहावा आणि मुलाने त्या तळलेल्या वस्तूसाठी हट्ट धरावा? विचार केला म्हणजे दोन गोष्टी दिसतात. पहिली ही, की जत्रेची वस्तू मोठी असते. घरी जे बोटभर मिळते ते तेथे हातभर दिसते, आणि मोठेपणाचे कौतुक लहानांना फार. दुसरी ही, की तिच्या पोटात काही तरी दडलेले असते. वरून कवच, आत सारण. पहिला घास घेईपर्यंत आत काय आहे ते कळत नाही. आमच्या समजुतीप्रमाणे जत्रेची सारी गोडी या दोन गोष्टींत आहे. तेल हे केवळ वाहन होय. आजच्या आमच्या लिखाणाचे प्रयोजन एवढेच सांगणे, की हे दोन्ही आनंद तेलावाचूनही घरी आणता येतात, आणि तसे आणल्याने घरातील एका व्यक्तीचे फार हित होते. ती व्यक्ती कोण, ते ओघाने येईलच.

सारण भरून तळण्याची आवड एकट्या आपल्या मुलखाची नव्हे. युरोपात उपवासकाळ सुरू होण्यापूर्वी घरातील चरबी व अंडी संपवून टाकण्याची जुनी रीत होती. त्या निमित्ताने जर्मन व पोलिश घरांत मुरंबा भरलेले गोल वडे तळीत असत, आणि पोलंडात उपवासकाळाच्या आधीच्या गुरुवारी ते आजही आवडीने खातात. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत नाताळासाठी नेवऱ्या होतात, वसईकडे सणासमारंभात आंबविलेल्या पिठाचे फुगे तळले जातात, आणि करंजी तर सर्व महाराष्ट्राची. अमेरिकेतील मेळ्यांनी या बाबतीत कळस केला. टेक्सास राज्याच्या मेळ्यात २००५ सालापासून तळलेल्या नव्या पदार्थांची स्पर्धाच लागते. २००६ साली तेथे कोका-कोला घातलेले पीठ तळून बक्षीस मिळविण्यात आले आणि २००९ साली चक्क लोण्याचा गोळा पिठात गुंडाळून तळला गेला. दुकानातील तयार बिस्किट पातळ पिठात बुडवून तळणे ही तर तेथील मेळ्यांतील सामान्य गोष्ट झाली आहे. माणसाच्या जिभेला सीमा नाही, हे यावरून दिसते.

आता तळणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. कढईतील तेल उकळत्या पाण्याहून कितीतरी अधिक, सुमारे १७० ते १९० अंश सेल्सिअस एवढे तापलेले असते. पीठ त्यात पडताच पिठातील पाण्याची वाफ होऊन ती बुडबुड्यांनी बाहेर पळते. पाणी जेथून गेले ती सूक्ष्म छिद्रे रिकामी होतात, आणि वस्तू झाऱ्यावर काढून गार होऊ लागली की पृष्ठभागावरचे तेल त्या छिद्रांत शोषले जाते. म्हणून तळलेल्या वस्तूत किती तेल गेले हे तळणारीला सांगता येत नाही. ते कढईवर, आंचेवर व पिठावर अवलंबून असते.

हे तेल ताजे असेल तर सणावारी फारसे बिघडत नाही. खरी अडचण येते ती त्याच त्या तेलाची. तेच तेल सकाळपासून रात्रीपर्यंत व आजपासून परवापर्यंत तापत राहिले म्हणजे ते काळे व दाट होते, त्यावर फेस येतो, त्याचा धूर डोळ्यांना झोंबतो. तेलाचे घटक मोडून त्यांतून शरीरास अपायकारक द्रव्ये बनतात. यासाठीच भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून असा नियम लागू केला, की तापविलेल्या तेलात बिघडलेल्या घटकांचे, ज्यांस शास्त्रज्ञ ध्रुवीय संयुगे म्हणतात, प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरू नये. वनस्पती तूप व तेले यांतील ट्रान्स मेदाचे प्रमाणही २०२२ सालापासून २ टक्क्यांच्या आत आणण्यात आले, कारण हा मेद हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा वैरी आहे. जत्रेच्या गर्दीत तेल तपासायला कोण बसणार? तेव्हा मुलांना हे शिकवावे, की मिठाईकडे पाहण्याआधी कढईकडे पाहावे. तेल काळे असेल किंवा धूर सोडीत असेल तर पुढच्या दुकानी जावे. घरीदेखील तळणीतून उरलेले तेल पुन्हा पुन्हा तळणीस न घेता एकदोन दिवसांत भाजीआमटीला वापरून संपवावे.

परंतु तेलाची बाधा ही तळणीची एकच बाजू झाली. दुसरी बाजू आम्हांस एका वयोवृद्ध भगिनीने दाखविली. सणाच्या दिवशी घरोघरी गेलो असता तिच्या सुनेच्या हातच्या करंज्यांची आम्ही तारीफ केली. म्हातारी म्हणाली, “फादर, करंजी गोड लागली हे तुम्ही सांगितलंत. पण सणाच्या दिवशी माझी सून सगळ्यांबरोबर पाटावर बसलेली तुम्ही पाहिलीत का? माझं अख्खं आयुष्य तसंच गेलं, आता तिचं चाललंय.”

वाचकहो, हे बोल क्षणभर मनात घोळवून पाहा. तळलेली वस्तू गरम खाण्यात गोडी असते. म्हणून घाणा निघेल तसा पानात जातो. मुले खातात, पुरुष खातात, पाहुणे खातात, आणि कढई एकटी सोडता येत नाही म्हणून तळणारी चुलीपाशीच उभी राहते. सर्वांचे हात धुऊन झाले की ती बसते, तेव्हा तेलाच्या वासाने तिची भूक मेलेली असते आणि ताटात मोडकी, फुटलेली तेवढी उरलेली असतात. तिचा सण धुरात जातो. यात कोणाचा दुष्टपणा नाही. पदार्थाचा स्वभावच तसा आहे. मग पदार्थ बदलला तर?

येथे भाजण्याचा विचार येतो. भट्टीत ठेवलेली वस्तू कोणाला उभे करून ठेवीत नाही. एकदा झाकण लावले की अर्धा तास ती आपले काम आपण करते, आणि ती गार झाल्याशिवाय खाताच येत नाही. म्हणजे करणारी व खाणारे एकाच वेळी बसू शकतात. नानखटाई आपल्याला ठाऊक आहेच. सुरतेस डच व्यापाऱ्यांच्या वखारीत पाव भाजण्याची भट्टी होती, ती पुढे दोटीवाला नावाच्या पारशी कुटुंबाकडे आली आणि तेथून नानखटाई देशभर पसरली असे सांगतात. आपल्या तेलंगणात हैदराबादचे उस्मानिया बिस्किट चहाच्या प्रत्येक गाड्यावर दिसते. परंतु ही बिस्किटे लहान व भरीव. मुलाला त्यात जत्रा सापडत नाही.

अलीकडे पाश्चात्त्य देशांतील भटारखान्यांत एक नवी रीत पडली आहे. न्यूयॉर्क शहरात १९९५ साली दोन मैत्रिणींनी ‘लेव्हेन’ नावाची बेकरी काढली. तेथील एकेक बिस्किट सहा औंसांचे, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमचे असते. वरून खुसखुशीत व आत मऊ. पुढे अनेकांनी अशा मोठ्या बिस्किटांच्या पोटात सारण भरण्यास आरंभ केला, आणि मेळ्यात तळून मिळणाऱ्या पदार्थांची चव त्या भाजलेल्या बिस्किटांत उतरविली. जत्रेचे मोठेपण राहिले, पोटातील गुपितही राहिले. गेली ती कढई. हीच युक्ती आपल्या चुलीवर, आपल्या शेतातल्या व रानातल्या वस्तूंनी साधता येते.

सारणासाठी आम्ही मोहाची फुले सुचवितो. आमच्या भागात मार्च-एप्रिलच्या सुमारास, बहुधा उपवासकाळात व पुनरुत्थानाच्या सणाच्या आसपास, पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो आणि बायकामुले टोपल्या घेऊन वेचावयास जातात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखरच असते. दारू गाळण्यासाठी या फुलाची ख्याती झाली, आणि त्या भट्टीने कित्येक घरांची वाट लावली हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहत आहो. परंतु मोहाच्या फुलाचा गोंड घरांत खाण्यासाठीही पूर्वापार उपयोग आहे. जवळच्या उटनूर येथे आदिवासी स्त्रियांनी सहकाराने मोहाचे लाडू करण्याचा उद्योग चालविला आहे. मध्य प्रदेशात छिंदवाडा जिल्ह्यातील राजाखोह गावच्या स्त्रिया तर मोहाची बिस्किटेच करतात. २०२५ सालच्या मार्च महिन्यात पंतप्रधानांनी आपल्या आकाशवाणीवरील भाषणात त्यांचा उल्लेख केला. एकच फूल, एकच शब्द भट्टी. पण एका भट्टीतून घर उजाड होते आणि दुसरीतून घर गोड होते.

आता कृती सांगतो. पाद्र्याला चुलीचे काय कळते असे कोणी म्हणेल. म्हणून सांगतो, की ही कृती जाणत्या हातांकडून तपासून घेतली आहे.

चार मोठ्या बिस्किटांचे प्रमाण. सारणासाठी वाळलेली मोहाची फुले ६० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, शेंगदाणे ४० ग्रॅम व गूळ ३० ग्रॅम घ्यावा. फुलांतील केसर व माती नीट काढावी, फुले झटपट धुऊन कडक वाळवावीत, मग मंद आंचेवर खमंग परतावीत. आंच मोठी झाली तर ती कडू होतात. तीळ व दाणे निरनिराळे भाजून सर्व एकत्र कुटावे, गूळ मिसळून चार लाडू वळावेत. मोह मिळत नसेल तेथे खजूर किंवा सुके खोबरे चालेल. सारण कोरडे असावे हा मुख्य नियम. ओले सारण आत वाफ धरते आणि ती वाफ कवच फोडून बाहेर येते. करंजी तेलात फुटते तीही बहुधा याच कारणाने.

कवचासाठी कणीक १५० ग्रॅम, ज्वारीचे पीठ १०० ग्रॅम, साजूक तूप १२५ ग्रॅम, पिठीसाखर ९० ग्रॅम, बेकिंग पावडर एक लहान चमचा व चिमूटभर मीठ. गव्हाच्या पिठाला चिकटपणा असतो, तो ज्वारीला नसतो. म्हणून नुसत्या ज्वारीचे कवच तडकते, आणि नुसत्या कणकेचे थोडे चिवट होते. दोन्हींच्या मेळाने ते खुसखुशीत होते. थिजलेले तूप व साखर पांढरी होईपर्यंत फेसावी, त्यात चाळलेली पिठे, बेकिंग पावडर व मीठ घालावे, आणि दोनतीन मोठे चमचे दूध लागेल तसे घालून गोळा करावा. फार मळू नये. गोळ्याचे चार भाग करून प्रत्येकाची हातावर पारी करावी, मोदकासारखी. मध्ये लाडू ठेवून तोंड नीट बंद करावे, वळलेली बाजू खाली करावी आणि तीन इंच रुंद व सव्वा इंच उंच असा उंडा थापावा. वरून थोडे तीळ दाबावेत. नंतर हे उंडे अर्धा तास गार जागी ठेवावेत. तूप थिजले म्हणजे बिस्किट भट्टीत पसरत नाही, उंच राहते.

भट्टी नाही म्हणून अडावयास नको. जाड बुडाच्या कढईत दोन बोटे स्वच्छ वाळू किंवा जाडे मीठ घालावे, त्यावर लोखंडी कडे व कड्यावर तूप लावलेली थाळी ठेवावी. घट्ट झाकण लावून कढई आधी पंधरा मिनिटे तापवावी. मग उंडे ठेवून मंद आंचेवर ३५ ते ४० मिनिटे भाजावे. चूल असेल तर झाकणावर थोडे निखारे ठेवावेत, म्हणजे वरूनही रंग येतो. विजेची भट्टी असल्यास १७० अंशांवर सुमारे २५ मिनिटे पुरतात. कडा सोनेरी झाल्या की उतरावे, आणि अर्धा तास हात लावू नये. गरम असताना तुपामुळे बिस्किट मऊ असते व उचलताच मोडते. गार होता होता ते आपोआप घट्ट होते.

आंच मंद का, असे कोणी विचारील. वस्तूची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली तर तिची त्वचा चौपट होते, पण पोट आठपट होते. उष्णता तर त्वचेतूनच आत शिरते. म्हणून मोठ्या बिस्किटाला मोठी आंच दिली तर बाहेर करपते व आत कच्चे राहते. मोठ्या वस्तूला घाई चालत नाही. तिला वेळ द्यावा लागतो. ज्यांच्या घरी मोठी होत असलेली मुले आहेत त्यांना हे निराळे सांगावयास नको.

एक खबरदारी स्पष्टपणे सांगणे आमचे कर्तव्य आहे. भाजलेले ते सर्व निर्दोष, असा समज कोणी करून घेऊ नये. यात तूप आहे, साखर आहे. फरक इतकाच, की ते मोजून घातलेले आहे. वरील प्रमाणात एका बिस्किटात सुमारे ३१ ग्रॅम तूप येते. ते एकट्याने खाल्ले तर तळलेल्या वस्तूचाच भाऊ झाला. पण त्याचे चार तुकडे केले तर प्रत्येकाच्या वाट्याला ८ ग्रॅमच्या आत तूप येते, आणि चार बिस्किटांत सोळा माणसांचा सण होतो. मधुमेहाच्या रोग्याने मात्र एवढ्यावरही विसंबू नये. मोहाची गोडी रानातली असली तरी ती साखरच होय. त्याने डॉक्टरांस विचारावे, आणि घरच्यांनी त्याला बिनसाखरेचे काही करून द्यावे, म्हणजे तो पंगतीबाहेर राहणार नाही.

तेव्हा हे बिस्किट मोठे करावयाचे ते एकाने पोटभर खावे म्हणून नव्हे. ते मोडण्यासाठी मोठे करावयाचे. लहान बिस्किटे ताटात टाकली की मुले मोजू लागतात: तुला चार, मला तीन. मोठे बिस्किट मध्ये ठेवले की सर्वांच्या नजरा एका हाताकडे लागतात, आणि तो हात मोडणाऱ्याचा असतो. मोडून वाटून खाणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको.

या बाबतीत आमच्या शेजाऱ्यांपासून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. केस्लापूरच्या जत्रेत मेश्राम कुळाची हजारो माणसे उतरतात, पण त्या सर्वांचा स्वयंपाक अवघ्या २२ मातीच्या चुलींवर होतो. कुटुंबे कितीही वाढोत, चुली वाढत नाहीत. एकीचे आटोपले की दुसरी पुढे येते, तोवर ती वाट पाहते. आपल्या वाडीत चार घरे मिळून एक कढई, एकच वाळू व एकच दुपार ठरविली तर काय बिघडेल? सरपण वाचेल, गॅस वाचेल, आणि ज्या घरी तुपाला पैसे नाहीत त्या घरचा उंडाही त्याच झाकणाखाली भाजून निघेल.

आणि आता ती व्यक्ती. येत्या सणाला हे बिस्किट केल्यावर घरच्या पुरुषांनी एक नियम पाळावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. जिने ते केले ती बसल्याशिवाय ते मोडू नये, आणि पहिला तुकडा तिच्या हातावर ठेवावा. मुले थोडा वेळ कुरकुरतील. त्यांना सांगावे, की आई बसली की सण सुरू होतो. मुलांनी जत्रेला खुशाल जावे, पाळण्यात बसावे, शेजाऱ्यांच्या आनंदात आनंद मानावा. परंतु घरी येताना पोटात थोडी जागा राखावी.

करून पाहा, आणि कसे झाले ते आम्हांस कळवा. बिस्किट किती गोड झाले हे कळविले नाही तरी चालेल. त्याचे तुकडे किती झाले, आणि पहिला कोणी खाल्ला, एवढे अवश्य लिहा.